चाकांवरच्या बाटलीचे लेबल

शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात निदान एक तरी बाटली अशी सापडते, की जिचे लेबल आम्लाच्या वाफांनी केव्हाच खाऊन टाकलेले असते. आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव दिसतो. तो पाणी असेल, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल असेल, किंवा तीव्र गंधकाम्लही असेल. बाटली भरणारे शिक्षक बदलून गेलेले असतात. आम्ही विद्यार्थी असताना आमच्या एका सोबत्याने अशीच एक बाटली धुण्यासाठी नळाखाली धरली होती. तळाशी राहिलेल्या गंधकाम्लात पाणी पडताच उकळता फवारा त्याच्या मनगटावर उडाला. त्या दिवशी आम्ही जे शिकलो ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात ठळकपणे दिलेले नव्हते. बाटली भरणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊकच असते. लेबल लागते ते त्याच्या मागून येणाऱ्या, काहीच ठाऊक नसलेल्या माणसाला.

आता हीच बाटली वीस हजार लिटरची आहे आणि तिला चाके आहेत अशी कल्पना करा. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्यांना ती कल्पना करावी लागणार नाही. हिंगणघाट किंवा जामच्या चौकात तासभर उभे राहिले, तर नागपूर-हैदराबाद महामार्गावरून पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, आम्ले आणि इतर रसायने वाहणारे टँकर एकामागून एक जाताना दिसतात. कारंजा-तळेगावच्या बाजूने नागपूर-अमरावती रस्त्यावर तेच चित्र दिसते. टँकरच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना एक चौकट रंगवलेली असते. तिच्यात कोपऱ्यावर उभा केलेला एक रंगीत चौकोन, चार आकडी क्रमांक, काही अक्षरे आणि दूरध्वनी क्रमांक असतात. सुटा माल पोत्यात किंवा पिंपात असतो तेव्हा खूण त्या पोत्यावर किंवा पिंपावर करता येते. घाऊक वाहतुकीत मात्र वाहन हेच पिंप असते, म्हणून लेबल वाहनालाच लावावे लागते.

ही चौकट कोणा हुशार अधिकाऱ्याने टेबलाशी बसून एका दिवसात आखलेली नाही. तिच्यातील बहुतेक ओळींमागे एखादा अपघात उभा आहे. त्यांतील एक फार मोठा अपघात आपल्या मुंबईत घडला होता.

कालव्यातील बोट

या इतिहासाची सुरुवात मात्र लंडनपासून करावी लागते. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे लंडनच्या रीजंट्स कालव्यातून बोटींची एक माळ चालली होती. तिच्यातील 'टिलबरी' नावाच्या बोटीत साखरेसारख्या किरकोळ मालाबरोबर सुमारे पाच टन बंदुकीची दारू होती आणि पेट्रोलियमची काही पिंपेही होती. पेट्रोलियमच्या वाफा पेटल्या, दारूचा स्फोट झाला, बोटीवरील तिघे जागीच मेले आणि वरचा पूल कोसळला. काठावरच्या घरांत झोपलेल्या लोकांना आपल्या खिडकीखालून दारू वाहून नेली जाते याची कल्पनाही नव्हती.

पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, ब्रिटनमध्ये स्फोटकांचा कायदा झाला. पेटीवर 'स्फोटक' हा शब्द आणि आतील पदार्थाचे नाव ठळकपणे लिहिण्याचे बंधन त्यात आले. त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात १८८४ मध्ये आला आणि अनेक दुरुस्त्यांसह तो आजही चालू आहे. त्याची अंमलबजावणी करणारे स्फोटके खाते १८९८ मध्ये सुरू झाले. या खात्याच्या आजच्या संघटनेचे मुख्यालय आपल्या शेजारी, नागपूरला आहे. गॅसच्या टँकरपासून फटाक्यांच्या कारखान्यापर्यंत अनेक परवाने याच खात्याच्या अखत्यारीत येतात.

न फडकलेला बावटा

कायदा होऊन साठ वर्षे झाली होती. १२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' हे मालवाहू जहाज कराचीहून मुंबईच्या गोदीत आले. दुसरे महायुद्ध चालू होते. जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा व स्फोटके होती. त्याशिवाय सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी होत्या. दोन क्रमांकाच्या कप्प्यात खाली कापूस आणि त्यावर दारूगोळा अशी रचना होती.

कापसाच्या जिल्ह्यातील वाचकांना यातील धोका समजावून सांगायला नको. दाबून बांधलेल्या गाठीच्या आतही तंतूंच्या मध्ये हवा असते. ठिणगी आत शिरली तर ज्योत दिसत नाही, पण गाठ तासन्‌तास धुमसत राहते. वरून ओतलेले पाणी घट्ट दाबलेल्या तंतूंत सहज शिरत नाही आणि कापूस उष्णतेचा दुर्वाहक असल्याने आतील उष्णता बाहेर पडत नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम केलेला कोणीही माणूस सांगेल, की विझली असे वाटलेली गाठ पुन्हा पेटते. आजच्या आंतरराष्ट्रीय यादीत ओल्या कापसाला आणि तेलकट कापूस-कचऱ्याला स्वतंत्र क्रमांक आहेत. आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात त्यांची गणना होते.

१४ एप्रिलला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर कप्प्यातून धूर येताना दिसला. आगीच्या बंबांनी कप्प्यात शेकडो टन पाणी सोडले, पण आग हटेना. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटले आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांचा नक्की आकडा कधीच निघाला नाही. तो आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगितला जातो. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान मारले गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून आपण अग्निशमन सप्ताह पाळतो तो त्यांच्याच स्मरणार्थ.

चौकशी समितीने अनेक चुका नोंदवल्या. कापसावर दारूगोळा ठेवला होता, तो उतरवून घ्यायला उशीर झाला, आणि अग्निशमन दलाला वर्दीही उशिरा गेली. या यादीत आणखी एक साधी बाब होती. धोकादायक माल असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. 'फोर्ट स्टिकिन'वर तो लावलेला नव्हता.

बावटा असता तर स्फोट टळला असता असे म्हणता येणार नाही. आग कापसाला लागली होती आणि बावट्याने कापूस विझत नाही. पण गोदीतील शेजारची जहाजे, धक्क्यावरचे हमाल आणि कामगार यांना दोन तास मिळाले होते. धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंतचे हे दोन तास म्हणजे पळून जाण्याची वेळ होती. अनेकांनी ती पाहत उभे राहण्यात घालवली, कारण आपण काय पाहतो आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हते.

नावात काय नव्हते

तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात जवळजवळ तसेच घडले. 'ग्राँकाँ' या जहाजात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट होते. कागदी पोत्यांवर त्याचे नाव होते, पण ते खत म्हणून. ते स्फोटक ठरू शकते असा इशारा मात्र पोत्यावर नव्हता. जहाजातून निघणारा रंगीत धूर पाहायला लोक जमले. स्फोटात सुमारे ५८० माणसे मेली. गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलातील अठ्ठावीसपैकी सत्तावीस जण त्यात होते.

मुंबईत खूणच नव्हती. टेक्सास सिटीत नाव होते, पण त्या नावाने धोका सांगितला नाही. शिक्षक म्हणून आपल्याला ही अडचण ओळखीची आहे. 'अमोनियम नायट्रेट' हे शब्द रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला बरेच काही सांगतात, पण बंबावरच्या जवानाला त्यातून काय करावे ते कळत नाही. शिवाय माल एका देशातून दुसऱ्या देशात जातो, भाषा बदलते, लिपी बदलते, आणि एकाच पदार्थाची चार व्यापारी नावे असतात.

यावरचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने शोधले. तिच्या शिफारशी प्रथम १९५६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. आज तिच्या पद्धतीत धोकादायक पदार्थांचे नऊ वर्ग आहेत: १. स्फोटके, २. वायू, ३. ज्वालाग्राही द्रव, ४. ज्वालाग्राही घन, आपोआप पेटणारे आणि पाण्याशी संबंध येताच ज्वालाग्राही वायू सोडणारे पदार्थ, ५. ऑक्सिडीकारके व सेंद्रिय पेरॉक्साइडे, ६. विषारी व संसर्गजन्य पदार्थ, ७. किरणोत्सारी पदार्थ, ८. क्षरणकारक पदार्थ, आणि ९. इतर. प्रत्येक वर्गाला रंग आणि चित्र दिले गेले. ज्वालाग्राही द्रवाला लाल रंग व ज्योत, विषाला कवटी, आणि क्षरणकारकाला हातावर व धातूवर पडणारे थेंब. अक्षरओळख नसलेल्यालाही ही चित्रे वाचता येतात.

प्रत्येक पदार्थाला किंवा पदार्थगटाला चार आकडी क्रमांकही मिळाला. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, क्लोरीन १०१७, निर्जल अमोनिया १००५, तीव्र गंधकाम्ल १८३०, मिथेनॉल १२३०. स्फोटकांचे क्रमांक शून्याने सुरू होतात. यातील एकेका आकड्याला काही अर्थ नाही, ते केवळ यादीतील अनुक्रम आहेत. पण हीच त्यांची सोय आहे. दूरध्वनीवर 'एक-दोन-शून्य-तीन' सांगताना उच्चाराचा गोंधळ होत नाही आणि पलीकडचा माणूस पुस्तक उघडून नेमके पान काढू शकतो.

भोपाळनंतर

आपल्याकडे या विषयाला खरी गती आली ती भोपाळनंतर. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री रुग्णालयांत माणसांची रीघ लागली, तेव्हा त्यांना नेमके काय बाधले आहे याची विश्वसनीय माहिती डॉक्टरांना मिळत नव्हती. तो वायू कारखान्यातील टाकीतून सुटला होता, रस्त्यावरील वाहनातून नव्हे. पण प्रश्न तोच होता: संकटात प्रथम धावणाऱ्याला आत काय आहे हे कोण सांगणार? १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९८९ मध्ये घातक रसायनांविषयीचे नियम आले. त्याच वर्षीच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२९ ते १३७ हे नियम धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी आहेत.

या नियमांनुसार वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, अशा तीन ठिकाणी, आपत्कालीन माहितीची चौकट हवी. तिच्यात पदार्थाचे अचूक तांत्रिक नाव निदान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक निदान १०० मिलिमीटर उंचीच्या आकड्यांत, आणि वर्गाचा रंगीत चौकोन निदान २५० मिलिमीटर बाजूचा असावा लागतो. शिवाय आपत्कालीन सेवेचा आणि माल पाठवणाऱ्याचा किंवा तज्ज्ञाचा दूरध्वनी क्रमांक लागतो. मालाची लेखी माहिती चालकाच्या केबिनमध्ये ठेवायची असते. अशा वाहनाच्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी व त्याने खास प्रशिक्षण घेतलेले असावे, अशीही अट घातली गेली.

आकडा १०० मिलिमीटरच का, हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात विचारण्यासारखा आहे. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखू येण्यासाठी त्याच्या उंचीने डोळ्याशी सुमारे ५ कलांचा, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागाचा कोन करावा लागतो. नेत्रतज्ज्ञाकडील तक्ता याच हिशेबाने आखलेला असतो. त्यावरून गणित केले तर ५० मिलिमीटरचे अक्षर सुमारे ३४ मीटरवरून आणि १०० मिलिमीटरचा आकडा सुमारे ६९ मीटरवरून वाचता येतो. म्हणजे नाव वाचण्यासाठी जितके जवळ जावे लागते, त्याच्या दुप्पट अंतरावरून क्रमांक वाचता येतो. रंगीत चौकोन तर त्याहूनही दूरून ओळखू येतो. धोका जितका दूरून कळेल तितके बरे, हे तत्त्व मिलिमीटरमध्ये उतरले आहे. पण धुळीने माखलेल्या किंवा रंग उडालेल्या चौकटीला हे गणित लागू पडत नाही.

आपल्याकडच्या अनेक टँकरवर आणखी एक संकेत दिसतो. तो लंडनच्या अग्निशमन दलात जन्मला. पेट्रोलसाठी तो '३ वाय ई' असा असतो. पहिला आकडा कशाने विझवावे ते सांगतो: १ म्हणजे पाण्याचे मोठे थेंब, २ म्हणजे बारीक फवारा, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे कोरडे द्रव्य. मधले अक्षर जवानाने कोणती साधने घालावीत आणि सांडलेला द्रव पाण्याने वाहून द्यावा की अडवून धरावा ते सांगते. शेवटी 'ई' असेल तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करावा. पेट्रोल पाण्यावर तरंगते. त्यावर पाण्याचा झोत मारला तर जळते पेट्रोल पाण्याबरोबर गटारात, आणि गटारातून वस्तीत जाते. ३ या एका आकड्यात एवढे भौतिकशास्त्र भरलेले आहे.

पाटी काय सांगत नाही

वर्धा जिल्ह्यातच पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे. दारूगोळ्याची ने-आण रेल्वे आणि रस्त्याने होते. रेल्वेच्या धोकादायक मालाच्या नियमांना 'रेड टॅरिफ' म्हणतात. त्यातला लाल रंग त्या बावट्याच्याच कुळातला म्हणायचा. स्फोटकांच्या वर्गात पुन्हा १.१ ते १.६ असे उपवर्ग आहेत. सगळा साठा एकदम फुटू शकणारा माल १.१ मध्ये येतो.

३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर या भांडारात आग लागून भीषण स्फोट झाला. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले जवान व कर्मचारी मिळून सोळाहून अधिक जण मृत्युमुखी पडले. पुढे जी माहिती बाहेर आली तिच्यात रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या टीएनटीचा उल्लेख होता. टीएनटी पूर्ण शुद्ध नसेल तर कमी तापमानाला वितळणारे त्यातील अशुद्ध घटक हळूहळू बाहेर झिरपू शकतात. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच्या सोनेगाव (आबाजी) परिसरात, नष्ट करायचा दारूगोळा वाहनातून उतरवत असताना स्फोट होऊन सहा जण ठार झाले.

या दोन घटना आम्हांला मुंबईच्या घटनेइतक्याच महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या उलट बाजूने बोलतात. मुंबईच्या धक्क्यावरील माणसांना आत काय आहे ते ठाऊक नव्हते. पुलगावला सर्वांना ठाऊक होते. तरीही माणसे गेली. पाटी पदार्थाचे नाव सांगते, त्याची अवस्था सांगत नाही. तो किती जुना आहे, गळतो आहे का, झडप नीट बसली आहे का, हे कोणत्याही चार आकड्यांत मावत नाही. त्यासाठी तपासणी लागते आणि तपासणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेणारा कोणी लागतो.

पाटीची दुसरी मर्यादा म्हणजे ती वाचणारा कोणी हवा. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. सांडलेले पेट्रोल भरून घ्यायला लोक डबे-बाटल्या घेऊन धावले, आग भडकली आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. पेट्रोलच्या वाफा हवेहून तीन-चार पट जड असतात. त्या खोलगट जागी साचतात, दिसत नाहीत, आणि हवेत त्यांचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की एक ठिणगी पुरते. याच कारणाने रिकामा टँकरही निर्धोक नसतो. भरलेल्या टाकीत द्रवावरील वाफ बहुधा पेट घेण्याच्या मर्यादेपलीकडे दाट असते. रिकाम्या टाकीत हवा शिरते आणि नेमके घातक मिश्रण तयार होऊ शकते. म्हणून टाकी आतून स्वच्छ होईपर्यंत चौकट पुसायची नसते. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटला. पेटलेला द्रव खालच्या रस्त्यावर सांडला आणि त्या अपघातात चार जण गेले. खालून जाणाऱ्यांना वरच्या टँकरवरची पाटी दिसणेही शक्य नव्हते.

एक तास रस्त्याकडेचा

पाटी नेहमी मृत्यूचीच असते असेही नाही. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्सप्रेसने तीन टँकर नागपूरला उतरवले आणि उरलेले चार नाशिकला नेले. द्रवरूप ऑक्सिजनचा क्रमांक १०७३ आहे आणि त्याच्या टँकरवर दोन चौकोन लागतात: दाबाखालील वायूचा हिरवा आणि ऑक्सिडीकारकाचा पिवळा. प्राणवायू स्वतः जळत नाही, इतरांना जाळतो. जी वस्तू रुग्णाला श्वास देते तिलाही इशारा लिहावा लागतो, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

विज्ञानाच्या एका तासिकेत मुलांना रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, शाळेच्या कुंपणाच्या आत उभे करून टँकरच्या चौकटी नोंदवायला सांगावे. क्रमांक, रंग, चित्र, आणि चौकट वाचता आली की नाही, एवढेच चार रकाने. परतल्यावर नऊ वर्गांत त्यांची वाटणी करावी. न वाचता आलेल्या चौकटी वेगळ्या मोजाव्यात आणि हा रकाना सर्वांत काळजीपूर्वक भरावा. त्याच तासिकेत एक नियम पाठ करून घ्यावा: टँकर उलटलेला दिसला तर जवळ जायचे नाही, वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंच जागी जायचे, कोणतीही ज्योत किंवा वाहन सुरू करायचे नाही, आणि दूरून वाचता आलेला क्रमांक ११२ किंवा १०१ वर कळवायचा.

तेथे येणाऱ्या बंबावरचा जवान त्या टँकरला प्रथमच पाहत असेल. १९४४ साली मुंबईच्या गोदीत धावलेल्या जवानांना जो बावटा दिसला नाही, तो आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने चार आकड्यांत दूरध्वनीवर सांगितला, तर ती तासिका सार्थकी लागली असे म्हणता येईल. आणि शाळेत परतल्यावर त्या कपाटातील बिनलेबलाच्या बाटलीचा बंदोबस्तही त्याच दिवशी करून टाकावा.